बालकांचा व्यायाम : निषेध कशाचा, विधान कशाचे?

शालेय वयाच्या बालकास घेऊन चिकित्सालयात येणाऱ्या पालकांची तक्रार बहुधा ठरलेली असते. मूल जेवत नाही, चिडचिड करते, अभ्यासात लक्ष लागत नाही, शौचास साफ होत नाही. अलीकडे त्यात एक भर पडली आहे : जेवत नाही, तरीही पोट सुटत चालले आहे. गेल्या काही वर्षांत वर्धा, हिंगणघाट, पुलगाव या शहरांतूनच नव्हे, तर लहान गावांतूनही अशी बालके दिसू लागली आहेत.

असाच एक नऊ वर्षांचा मुलगा प्रस्तुत लेखकाकडे आला होता. अग्निमांद्य समजून अरविंदासव दिले, जेवणापूर्वी तुपातून हिंग्वाष्टक चूर्ण दिले, पुढे च्यवनप्राशही सुचविला. पंधरा दिवस भूक वाढली, नंतर पुन्हा पूर्वस्थिती. तिसऱ्या भेटीत, खरे तर पहिल्याच भेटीत विचारावयास हवा होता, तो प्रश्न विचारला : हा मुलगा सकाळपासून रात्रीपर्यंत करतो काय? आईने सांगितले ते असे. शाळेची गाडी दारातून नेते आणि दारातच सोडते. दुपारी जेवण, मग शिकवणी, नंतर गृहपाठ आणि उरलेला वेळ मोबाईल. दिवसभरात त्याचे पाय जमिनीवर किती वेळ चालले याचा हिशेब केला, तर तो पंधरा मिनिटांच्या वर जाईना. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. येथे मात्र निदान तसेच ठेवून दोन महिने बाटल्या बदलल्या गेल्या. दोष अर्थातच लेखकाचा.

हा अनुभव एकट्याचा असता, तर तो या पानांवर मांडण्याचे कारण नव्हते. परंतु औषधालय चालविणाऱ्या आपल्या सभासदांना विचारून पाहावे. बालकांची भूक वाढविणारी, स्मरणशक्ती वाढविणारी, उंची वाढविणारी औषधे फळीवरून किती वेगाने उतरतात, आणि ती देताना मूल खेळते का, हा प्रश्न किती वेळा विचारला जातो? आपल्यापुढील प्रश्न विक्रीचा आहे तसा शास्त्राचाही आहे. म्हणून आधी शास्त्राकडे वळू.

निषेधाचा अर्थ

अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील दिनचर्या अध्यायात व्यायामाचे गुण सांगून झाल्यावर तो कोणी वर्ज्य करावा हे वाग्भटाचार्यांनी सांगितले आहे. वातपित्ताचा रोगी, बालक, वृद्ध आणि अजीर्ण झालेला, अशी ती यादी आहे. या यादीत बालक स्पष्टपणे आहे. त्यामुळे आपल्यातील काही वैद्य पालकांना प्रामाणिकपणे सांगतात, की सोळाव्या वर्षापर्यंत मुलांना व्यायाम नको. दुसरीकडे काही जण हे वचन सोयीस्करपणे विसरून आधुनिक सल्ला जसाच्या तसा देतात. दोन्ही मार्ग लेखकास उचित वाटत नाहीत. वचन आहे, तर त्याचा अर्थ लावणे हे आपले कर्तव्य होय.

प्रथम व्यायाम या शब्दाची व्याप्ती पाहू. सुश्रुतसंहितेत चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात शरीरास आयास उत्पन्न करणारे कर्म, ते व्यायाम, अशी व्याख्या आहे. चरकाचार्य सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात वेगळ्या बाजूने पाहतात. स्थैर्य व बल देणारी, हवीशी वाटणारी शरीराची चेष्टा म्हणजे व्यायाम, आणि ती मात्रेने करावी. पहिल्या व्याख्येत श्रम केंद्रस्थानी आहे, दुसऱ्यात इष्ट चेष्टा व मात्रा. निषेध पहिल्या अर्थाने वाचला, तर त्यात विसंगती राहत नाही. आखाड्यातील मेहनत, जोर-बैठकांची मोठी आवर्तने, दमछाक होईपर्यंत केलेली कुस्ती हे बालकास वर्ज्य. धावाधाव, झाडावर चढणे, शाळेत चालत जाणे यांस त्या काळी कोणी व्यायाम म्हणतही नसावे. ते बालकाचे सहज जीवन होते. चरकसंहितेत शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात कुमारागाराचे वर्णन करताना खेळणी कशी असावीत याचा विचार आहे. ती रंगीत, आवाज करणारी, हलकी असावीत, टोकदार नसावीत. खेळणे कसे असावे हे जे शास्त्र एवढ्या तपशिलाने सांगते, ते बालकाला जागेवर बसवून ठेवा असे सांगेल, हे संभवत नाही.

दुसरा मुद्दा वयाचा. सुश्रुतमते सोळा वर्षांखालील तो बालक. परंतु त्यातही क्षीरप, क्षीरान्नाद आणि अन्नाद असे तीन भेद आहेत, आणि दोन वर्षांनंतरचा सर्व काळ अन्नादाचा. तीन वर्षांचे मूल आणि दहावीतील मुलगा दोघेही अन्नादच. दोघांना एकच मात्रा कोणताही वैद्य देणार नाही. औषधाची मात्रा आपण वयानुसार वाढवितो. चेष्टेची मात्राही तशीच वाढली पाहिजे.

तिसरा मुद्दा दोषांचा. बाल्य हा कफाचा काळ. अपरिपक्व धातू, स्निग्ध व मधुर आहार, त्यात दिवसभराचे आस्यासुख. अतिस्थौल्याच्या कारणांत चरकाचार्यांनी अव्यायामाची गणना केलेली आहेच. प्रमेहाच्या निदानातही सुखाने बसून राहणे येते. चाळिशीतल्या रुग्णास आपण ही कारणे ठासून सांगतो. मग तीच कारणे दहाव्या वर्षी आरंभलेली दिसत असता वाग्भटाचे वचन पुढे करून स्वस्थ बसणे हे शास्त्राला धरून आहे काय?

आता अर्धशक्तीचा विचार. त्याच दिनचर्या अध्यायात बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यानेही, शीतकाळी व वसंतात, अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा आणि इतर ऋतूंत त्याहून मंद, असे सांगितले आहे. अर्धशक्ती ओळखावी कशी? सुश्रुताचार्यांचे लक्षण घराघरांत सांगता येईल इतके सोपे आहे. हृदयातील वायू तोंडाशी येऊ लागला, म्हणजे मूल तोंडाने श्वास घेऊ लागले, की बलाचा अर्धा भाग वापरला गेला. कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम येणे हे त्याचेच सोबती लक्षण. आधुनिक क्रीडाशास्त्रात मध्यम व तीव्र श्रमांचा भेद बोलण्यावरून करतात. बोलता येते पण गाता येत नाही तो मध्यम श्रम, दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो तो तीव्र. दोन्ही लक्षणे अगदी एकच आहेत असा दावा करण्याचे कारण नाही. पण मोजमापाची दिशा एक आहे, आणि दोहोंना यंत्र लागत नाही.

या कसोटीवर आपले देशी खेळ पाहावेत. खो-खोत पाठलाग करणारा खो देतो आणि बसतो, दुसरा उठतो. लगोरीत, आट्यापाट्यांत, लंगडीत धावणे व थांबणे आलटूनपालटून येते. श्वास तोंडाशी आला की खेळच विश्रांती देतो. याउलट स्पर्धेच्या नावाखाली सहा-सात वर्षांच्या मुलांना रस्त्यावर किलोमीटरच्या किलोमीटर पळविण्याचे जे प्रकार दिसतात, तेथे वाग्भटाचा निषेध तंतोतंत लागू होतो. अतिव्यायामाने होणारे तृष्णा, श्रम, कास, ज्वर, छर्दी हे विकार त्यांनीच पुढे सांगितले आहेत.

एक तासाचे प्रमाण

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींना आठवड्याच्या सरासरीने दररोज ६० मिनिटे मध्यम ते तीव्र हालचाल हवी. आठवड्यातून किमान ३ दिवस तीव्र, तसेच स्नायू व अस्थी बळकट करणारी हालचाल असावी, आणि करमणुकीसाठी पडद्यापुढे बसण्याचा वेळ मर्यादित असावा. हा तास सलग असण्याची आवश्यकता नाही, हे पालकांना मुद्दाम सांगावे, कारण 'तासभर वेळ कोठून आणू' ही पहिली हरकत असते. अस्थींसाठी उड्या लागतात. त्यासाठी दोरीवरच्या उड्या व लंगडी पुरेशी आहे, वजने उचलण्याची गरज नाही.

प्रत्यक्ष स्थिती काय? १४६ देशांतील ११ ते १७ वर्षांच्या सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांच्या माहितीवरून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, २०१६ या वर्षासाठी, ८१ टक्के मुले या प्रमाणापर्यंत पोहोचत नसल्याचे दिसले. मुलांत हे प्रमाण ७८ टक्के, मुलींत ८५ टक्के. भारताची स्थिती जागतिक सरासरीहून किंचित बरी असली, तरी आपल्याकडेही जवळपास तीन-चतुर्थांश मुले अपुरी हालचाल करणारीच आढळली.

वर्ध्याची दहा मिनिटे

या विषयात आपल्या जिल्ह्याचा एक जुना कागद पाहण्यासारखा आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तीतून डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि त्याच वर्षी तिने ७ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी योजना सादर केली. हीच नई तालीमची वर्धा योजना. तिच्यातील दिवसाचे वेळापत्रक साडेपाच तासांचे आहे. मूलोद्योगास ३ तास २० मिनिटे, संगीत-चित्रकला-गणित मिळून ४० मिनिटे, मातृभाषेस ४०, समाजशास्त्र व सामान्य विज्ञानास ३०, मधली सुट्टी १० मिनिटे, आणि शारीरिक शिक्षण? तेही १० मिनिटेच.

पहिल्यांदा वाचताना हा आकडा चुकीचा छापला असावा असे वाटते. पण बेरीज बरोबर येते. दहा मिनिटे पुरेशी वाटली, कारण उरलेला दिवस हातापायांचा होता. शेती, बागकाम, सुतारकाम हे मूलोद्योग होते. सेवाग्रामच्या शाळेत सफाई व स्वयंपाक हेही शिक्षणच होते. मान्य केले पाहिजे, की कताई हे बसून करण्याचे काम. तीन तास सूत काढणाऱ्या मुलास व्यायाम झाला असे म्हणता येणार नाही. तथापि जो मुलगा खुरपे धरतो, पाणी वाहतो, अंगण झाडतो आणि घरून पायी येतो, त्याच्यासाठी वेगळा तास काढावा लागत नाही. आजच्या शाळेत मूलोद्योगाचे तास गेले, दहा मिनिटांची वृत्ती मात्र शिल्लक राहिली. वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचे तास असतात, पण परीक्षा जवळ आली की त्यांवर गणिताचे आक्रमण होते, हे पालकसभांना जाणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे.

सेवाग्रामच्या त्या परिसरात २००५ साली आनंद निकेतन ही नई तालीमची शाळा पुन्हा सुरू झाली. तेथे शेती, स्वयंपाक, सफाई अभ्यासक्रमातच आहेत. सर्व शाळा तशा होणार नाहीत, हे उघड आहे. परंतु जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत पोषण आहाराला जोडून परसबागा आहेत. तेथील वाफे करणे, पाणी देणे हे शिक्षा म्हणून दांडगट मुलांना देण्याऐवजी सर्वांना पाळीपाळीने दिले, तर आठवड्याच्या हिशेबात त्याची मिनिटे जमा होतात. शाळा समितीवर असलेल्या आपल्या सभासदांनी एवढे सुचविण्यास हरकत नसावी.

सुश्रुताचार्यांनी प्रमेहाच्या निर्धन रुग्णास अनवाणी दीर्घ प्रवास सांगितला, विहीर खणण्यासही सांगितले. श्रमाला औषध मानण्याची परंपरा आपलीच आहे.

ऋतू, माती व ऊन

विदर्भात व्यायामाचा सल्ला ऋतू न पाहता देणे धोक्याचे आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा अनेकदा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जातो. ग्रीष्मात व्यायाम व आतप दोन्ही वर्ज्य, हे ऋतुचर्येचे वचन येथे अक्षरशः पाळावे. उन्हाळी सुट्टीत मैदानावरचा खेळ सकाळी आठच्या आत संपावा, सायंकाळी सूर्यास्तानंतर चालावे, आणि दुपार घरातील सावलीची असावी. जूनच्या उत्तरार्धात शाळा उघडतात तेव्हा काळ्या मातीचे मैदान चिखलाचे झालेले असते. वर्षा ऋतूत अग्नीही मंद आणि बलही अल्प. त्या दिवसांत वऱ्हांड्यात सूर्यनमस्कार, लेझीम, दोरीवरच्या उड्या, मंद प्रमाणात. खरा काळ दिवाळीनंतरचा. हेमंत, शिशिर व वसंतातील चार-पाच महिने मुलांच्या अंगी बल साठविण्याचे असतात. नेमका हाच काळ स्नेहसंमेलन, सराव परीक्षा व परीक्षा यांत जातो, ही आपल्या व्यवस्थेची गंमत म्हणावी की दुर्दैव, कोण जाणे.

जेवण व खेळ यांतील अंतरही सांगावे. शाळेतील आहार घेताच पुढचा तास मैदानावर, असे वेळापत्रक अनेक ठिकाणी असते. अजीर्णीस व्यायाम निषिद्ध, तसा भरल्या पोटीही. शिक्षकांशी बोलून हा तास पहिला किंवा शेवटचा करून घेता येतो. आणि स्निग्ध आहाराची अट विसरू नये. कृश, अर्धपोटी मुलास धावण्याचा सल्ला देण्यापूर्वी त्याच्या ताटाची चौकशी करावी. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, जवसाची किंवा तिळाची चटणी, शेंगदाणे, परवडत असेल तर दूध-तूप, एवढे झाल्यावाचून चेष्टेची मात्रा वाढवू नये.

मुली आणि सिकलसेल

दोन गोष्टींवर थोडे थांबावयास हवे. पहिली मुलींची. सातवी-आठवीपर्यंत अंगणात धावणारी मुलगी ऋतुप्राप्तीनंतर एकाएकी घरात बसते. मासिक पाळीच्या तीन दिवसांची रजस्वलाचर्या शास्त्रात आहे, पण उरलेल्या सत्तावीस दिवसांसाठी तिचा आधार घेणे म्हणजे शास्त्राचा विपर्यास होय. मातेशी हे बोलणे स्त्री-वैद्यांनी केल्यास अधिक परिणामकारक ठरते. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात निवडलेल्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी साहाय्य मिळते. ज्या घरी अशी सायकल आलेली आहे, तेथे ती भावाच्या ताब्यात तर गेली नाही ना, हे विचारण्यात संकोच करू नये.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण व वाहक लक्षणीय आहेत. २०२३ साली यासाठी राष्ट्रीय निर्मूलन अभियानही सुरू झाले. पांडुता, वारंवार कामला, हातपाय व सांधे दुखणे, खेळून आल्यावर असह्य वेदना ही लक्षणे असलेल्या बालकास आळशी समजून धावण्यास सांगणे घातक ठरू शकते. आधी शासकीय रुग्णालयात रक्ततपासणी करून घ्यावी. रोग निश्चित झाला तरी त्या मुलास कायमचे बसवून ठेवू नये. उपचार करणाऱ्या तज्ज्ञांच्या सल्ल्याने, पाणी वारंवार पाजून, उन्हात व गार पाण्यात जाऊ न देता, थकवा येण्याआधी थांबवून, त्याला खेळू द्यावे. शिक्षकांना चिठ्ठी द्यावी. पाणी पिण्यासाठी वर्गातून उठण्याची मुभा एवढीच त्या चिठ्ठीतील मुख्य मागणी असते. तमकश्वासाच्या मुलांबाबतही हेच. वेग शांत असताना हळूहळू चालना द्यावी, वेगाच्या काळी विश्रांती.

औषधपत्रावर काय लिहावे

तोंडी सांगितलेला सल्ला दाराबाहेर जाईपर्यंत टिकत नाही. कागदावर लिहिलेल्यास औषधाची किंमत येते. म्हणून बालकाच्या औषधपत्रावर कल्पांच्या वर, पहिल्या ओळीत, चेष्टा लिहावी. आणि ती औषधासारखीच मात्रा, काल, अनुपान यांसह लिहावी. 'रोज खेळावे' या वाक्यास अर्थ नाही. 'सायंकाळी साडेपाच ते सहा, मित्रांसमवेत, अनवाणी नव्हे, नंतर पाणी व शेंगदाणे-गूळ' यास अर्थ आहे.

एकदम साठ मिनिटे लिहू नयेत. चरकाचार्यांनी व्यायामाच्याच अध्यायात अहिताचा त्याग व हिताचा स्वीकार पादांशाने, म्हणजे चतुर्थांशाच्या क्रमाने, करावा असे सांगितले आहे. साठ मिनिटांचा चतुर्थांश पंधरा. शास्त्रातील दिवसांचा क्रम जसाच्या तसा न घेता येथे आठवड्यांचा घ्यावा. पहिल्या आठवड्यात शाळा जवळ असल्यास एका वेळेस भरभर पायी जाणे. एक किलोमीटर अंतरास मुलास साधारण तेवढाच वेळ लागतो. दुसऱ्या आठवड्यात परतही पायीच. तिसऱ्यात सायंकाळचा खेळ पंधरा मिनिटे, चौथ्यात तीस. शाळा दूर असेल, तर गाडी अलीकडच्या चौकात सोडण्यास सांगावी. रस्ता रहदारीचा असल्यास मात्र हा आग्रह सोडून सर्व वेळ अंगणातच काढावा. आणि जेवढा पाद वाढेल, तेवढाच मोबाईलचा पाद कमी करावा, अन्यथा तो वेळ झोपेतून वसूल होतो.

औषधालय चालकांसाठी एवढेच. बालकासाठी भूक वाढविणारे औषध मागणाऱ्या ग्राहकास दोन प्रश्न विचारावेत : मूल शाळेत कसे जाते आणि शाळेनंतर कोठे खेळते? उत्तर समाधानकारक नसेल, तर लहान बाटली द्यावी, पंधरा दिवसांनी मुलास घेऊन वैद्यांकडे जाण्यास सांगावे. यात एखादी मोठी बाटली कमी खपेल. तो तोटा लेखक नाकारीत नाही.

वर उल्लेखिलेल्या मुलाच्या घराजवळ मैदान नव्हते. त्याचे आजोबा रोज सायंकाळी शेतावर गुरांना पाणी पाजण्यास जात, त्यांच्यासोबत त्यास पाठविण्याचे ठरले. अंतर जाऊन-येऊन अडीच किलोमीटर. औषधे बंद केली. सहाव्या आठवड्यात वजन तेच होते, कंबर किंचित उतरली होती, आणि आईची तक्रार बदलली होती : रात्री भाकरी पुरत नाही. खेळण्यास मित्र मिळाले नाहीत, ते अद्यापही साधलेले नाही. आजोबांचे गुडघे दुखू लागल्यास पुढे काय, हाही प्रश्न आहे. पुढील भेट दिवाळीनंतरची लिहून ठेवली आहे.